अमिताने म्हटलेलं थँक्यू

विभावरी पोहनकर नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत, संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास सुरू केला. शाळेतलं इंग्रजी नाही, कामावरचं. साहेबांचा फोन आला तर काय बोलायचं, ईमेल कशी सुरू करायची, ‘फॉलो-अप’ कशाला म्हणतात, ‘अप्रेझल’ म्हणजे काय. येणारे सगळे दिवसभर काम करून थकून यायचे. विभावरीताई कोणाच्या बोलण्यावर कोणाला हसू द्यायच्या नाहीत, आणि चुकलं तरी वाक्य पुरं करायला लावायच्या.

त्यांत कांचघर मोहल्ल्यातली अमिता होती. तिशीतली, बोलकी. नवरा गौतम रेल्वेत, त्याची ड्यूटी इटारसीला. घरी ती आणि सासू सत्यभामाबाई. दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात ती डिस्पॅच सांभाळायची. कोणता माल कोणत्या गावाला, कोणत्या गाडीने जाणार, हे सगळं तिच्याकडे. मग कंपनी चेन्नईच्या लोकांनी विकत घेतली. तिथल्या चिंतामणी सरांना हिंदी जेमतेम यायची आणि अमिताला इंग्रजी. म्हणून ती क्लासला आली. मन लावून शिकली आणि हिंमत करून एकदा त्यांना म्हणालीसुद्धा, की मला ट्रेनिंगसाठी चेन्नईला यायचं आहे. बघू, असं ते म्हणाले होते.

त्या शुक्रवारी ती क्लासमध्ये आली ती खोव्याच्या जिलबीचा डबा घेऊनच.

“ताई, आधी तोंड गोड करा. मी चेन्नईला चालली!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइलच्या शोरूममध्ये काम करणारा विक्की म्हणाला, “अरे वाह दीदी, अब तो आप मॅनेजर बनकर ही लौटोगी!”

“सर काय म्हणाले, ते इंग्रजीत सांग बरं,” विभावरीताई कौतुकानं म्हणाल्या. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं सांगायचं, ही त्यांच्या क्लासची सवयच होती.

अमिता ताठ उभी राहिली. “वी हॅव डिसायडेड टू लेट यू गो अॅट द एन्ड ऑफ द मन्थ. चेन्नई विल हँडल द डिस्पॅच.” मग हसून म्हणाली, “मी लगेच म्हटलं, थँक्यू सो मच सर, आय अॅम व्हेरी हॅपी! ते म्हणाले, यू आर व्हेरी काइंड.”

विभावरीताईंच्या हातातली जिलबी हातातच राहिली. अमिताचा चेहरा इतका फुललेला होता, की सगळ्यांसमोर काही बोलायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि त्या दिवसाचा धडा कसाबसा उरकला. सगळे निघाले तेव्हा म्हणाल्या, “अमिता, तू बस जराशी.”

“काहून ताई? चेन्नईसाठी अजून काही शिकवता का?”

त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. “हे बघ, ‘लेट यू गो’ म्हणजे जाऊ देणं, हे शब्दाला शब्द लावून बरोबर आहे. पण ऑफिसात ते वेगळ्या अर्थानं म्हणतात. कामावरून कमी करायचं असलं, की असं म्हणतात.”

“म्हणजे मला काढलं?”

“हो गं.”

“पण ते तर किती प्रेमानं बोलून राहिले होते.”

“म्हणूनच तो शब्द वापरतात. ऐकणाऱ्याला लागू नये म्हणून.”

“आपल्याकडे सरळ म्हणतात, निकाल दिया. कळतं तरी!” तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. “ताई, मी थँक्यू म्हटलं त्यांना. नोकरी गेली आणि मी म्हटलं, आय अॅम व्हेरी हॅपी. काय समजले असतील ते मला? आणि सासूबाईंनी तर गल्लीभर सांगितलं.”

नोकरीपेक्षा ते थँक्यूच तिला जास्त खुपत होतं, हे विभावरीताईंना दिसलं. त्यांनी तिला रडू दिलं. आपण पुस्तकातले प्रमोशन, टार्गेट, बोनस असे शब्द शिकवत गेलो. काढून टाकण्याचे शब्द कधी फळ्यावर लिहिलेच नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

थोड्या वेळानं अमितानं डोळे पुसले. “मला सरांशी बोलायचं आहे. उद्या. तुमच्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा विभावरीताईंनी तिच्यासाठी छान नम्र वाक्यं लिहून ठेवली होती. अमितानं ती वाचली आणि कागद बाजूला ठेवला. “हे फार गोल गोल आहे ताई. माझ्या तोंडात बसत नाही. चुकली तर चुकली, माझ्याच शब्दांत बोलते.”

फोन स्पीकरवर होता.

“सर, यस्टर्डे आय सेड थँक्यू. आय अंडरस्टुड राँग. आय थॉट, यू आर सेंडिंग मी टू चेन्नई. फॉर ट्रेनिंग.”

पलीकडून चिंतामणी सरांचा आवाज आला, एकदम खाली गेलेला. ओ नो, अमिता. ते इंग्रजीत सांगू लागले, मुद्दाम सावकाश, की ही बातमी कशी सांगावी याची त्यांना धास्ती होती. तिनं ती हसत घेतली, म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटलं. तिला नीट कळलं का, हे पुन्हा विचारायला हवं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. “आय अॅम सॉरी. आय शुड हॅव सेड इट प्लेनली.”

“व्हाय मी, सर? माय वर्क नॉट गुड?”

नाही, ते म्हणाले. जबलपूरचं गोदामच बंद होतंय. कामात काहीच खोट नव्हती.

अमितानं एक श्वास घेतला. “देन प्लीज राइट दॅट. इन लेटर. माय वर्क वॉज गुड. अँड इफ न्यू कंपनी कॉल्स यू, प्लीज टेल देम ऑल्सो.”

“आय विल,” ते म्हणाले. “आय प्रॉमिस.”

फोन ठेवून तिनं विचारलं, “व्याकरण फार चुकलं न ताई?”

“चुकलं,” विभावरीताई म्हणाल्या, “पण त्यांना सगळं कळलं.”

आता घरी सांगायचं होतं, आणि तिथं मात्र अमिताचा धीर होईना. विभावरीताईंनी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि दोघी कांचघरला गेल्या. सत्यभामाबाई पलंगावर बॅग उघडून बसल्या होत्या, सुनेच्या साड्या घडी करून ठेवत. सगळं ऐकल्यावर त्यांनी आधी त्या न पाहिलेल्या सरांना नागपुरी भाषेत दोन शब्द सुनावले. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “चलो, गाडीत बसायच्या आधी कळलं, हे बरं झालं. तिकडं स्टेशनावर उतरल्यावर कळलं असतं, तर कोणाला विचारत फिरली असतीस?” आणि त्या बॅगेतल्या साड्या पुन्हा कपाटात ठेवायला लागल्या. अमिताला रडता रडता हसू आलं.

पुढचे काही महिने कठीण गेले. अमितानं अर्ज केले, बोलावणी आली, काही ठिकाणी पुढं काहीच झालं नाही. अखेर एका खासगी रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये तिला काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी होता. तिथल्या अवंती मॅडमनी मुलाखतीतच सांगितलं, की तुमच्या चेन्नईच्या सरांशी बोलले. ते फोन ठेवायला तयार नव्हते, इतकी तुमची तारीफ करत होते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात अमितानं विभावरीताईंना फोन केला. आज क्लासला येणं जमणार नाही, म्हणाली. सलाइनच्या बाटल्यांची गाडी आत्ताच आली होती, आणि उतरवून घ्यायला तिथं तिच्याशिवाय कोणी नव्हतं.