सात नंबरची सायकल

ढगळ कपडे घालून येऊ नये. ओढणी, पदर, मफलर, लोंबणारी नाडी, काहीही चाकाजवळ नको.

ही पहिली ओळ. देवासला एबी रोडच्या मागच्या गल्लीत, पोह्यांच्या ठेल्याच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर एक जिम आहे. तिच्या काचेच्या दारावर हा कागद चिकटवलेला आहे. कागद हिंदीत आहे, इथे आपण तो मराठीत वाचू. अवंतीने तो पहिल्यांदा वाचला तेव्हा जानेवारी महिना होता, गळ्यात ओढणी होती आणि वय एकोणपन्नास. ती परत फिरली. चार पायऱ्या उतरताना गुडघे चार वेळा बोलले. पाचव्या पायरीवर तिला कागदापेक्षा गुडघ्यांचा जास्त राग आला आणि ती पुन्हा वर चढली.

आत बारा सायकली होत्या, जागच्या जागी फिरणाऱ्या. चाक एकच, पुढे, लोखंडी आणि जड. मयुरेश नावाचा तिशीतला मास्तर होता. त्याने ओढणी मागून घेतली, खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "काकी, ये यहीं रहेगी. आप जाओ."

कुठे जाओ? सायकल जमिनीला खिळलेली. तरी ती गेली. पाऊण तास गेली आणि खिडकीतली टेकडी होती तिथेच राहिली.

पहिले दोन दिवस बसायची जागा दुखेल. तिसऱ्या दिवसापासून दुखणार नाही.

(कागद खोटं बोलतो. पाचव्या दिवसापर्यंत दुखते.)

पाण्याची बाटली आणि नॅपकिन आणावा. घाम येईल, लाजू नये.

(हे खरं आहे. एवढा घाम तिला बाळंतपणातसुद्धा आला नव्हता.)

पाय थांबवले तरी पॅडल थांबत नाही. थांबायचं असेल तर लाल गुंडी खाली दाबावी.

ही ओळ लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एप्रिलपर्यंत अवंतीकडे दोन काळ्या टाइट्स होत्या, मुलीचा, म्हणजे ईशानीचा, जुना टी-शर्ट होता, कडक तळव्याचे बूट होते आणि खिडकीशेजारची सात नंबरची सायकल होती. सीटच्या दांडीवर आपल्या मापाची खूण तिने नेलपॉलिशने करून ठेवली होती. आता ती जमिनीवर मांडी घालून बसायची आणि कोणाचा हात न धरता उठायची. पोळ्या करताना ओट्याला टेकत नव्हती. तिचं स्वतःचं म्हणावं असं दिवसात एवढंच होतं, सकाळी साडेसहा ते सव्वासात.

*

आता धार.

अवंतीचा नवरा शरदचंद्र देवासच्या एका कारखान्यात बावीस वर्षं सुपरवायझर आहे, पण घर मूळचं धारचं. आणि धारच्या घरात एक आवाज आहे. थोरले दीर शिवाजीराव, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, कुठल्याही खोलीत पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याबाहेर खाकरतात. पणजोबा दरबारात चाकरीला होते, तेव्हापासूनची रीत. ते खाकरले की धाकट्या भावजयीने डोईवर पदर घ्यायचा, तोंड वळवायचं आणि जमलं तर मागच्या दाराने निघून जायचं. त्यांच्याशी बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्याला सांगायचं.

सव्वीस वर्षांत अवंती दादासाहेबांशी बोलली ते असं:

ईशानीला, "विचार, चहा घेणार का."

थोरल्या जाऊबाईंना, "अक्का, सांगा त्यांना, बस चुकेल."

एकदा घरात तिसरं कोणीच नव्हतं तेव्हा पाण्याच्या टाकीला, "सिलिंडर संपलंय."

टाकीने निरोप पोचवला. दादासाहेब सिलिंडर घेऊन आले, दाराबाहेर ठेवलं आणि खाकरले.

माणूस वाईट नव्हता. धारजवळच्या तिरल्याच्या ब्लॉक ऑफिसात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला होता, कोणाला कधी वावगं बोलला नव्हता. फक्त तो येण्याआधी बायका त्या खोलीतून गेलेल्या असायच्या, इतकंच. बायकांनी भरलेली खोली कशी दिसते हे त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

जानेवारीतच त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. तीन महिने गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता हलकी सायकल चालवा, पण कोणाच्या तरी नजरेखाली. धारला कोण नजर ठेवणार? दादासाहेब सकाळी फिरायला म्हणून निघत आणि कोपऱ्यावर वर्तमानपत्र वाचून परत येत. मग शरदचंद्र दोघांना, दादासाहेब आणि अक्का, दोन महिन्यांसाठी देवासला घेऊन आला. भावाच्या मायेने त्याने घराजवळच्याच जिममध्ये, ओळखीच्या मास्तराकडे, त्यांचं नावही घालून टाकलं. सकाळी साडेसहा.

आपली बायको त्याच वेळी त्याच खोलीत असते, हे शरदचंद्रला ठाऊक होतं. ती काय घालून असते हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींची एका दारात गाठ पडेल हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. अशी चूक याच घरातला पुरुष करू शकतो. त्याच्या हिशेबी दादासाहेब आत शिरतात तेव्हा बायका नुकत्याच निघून गेलेल्या असतात.

*

स्वयंपाकघर. हळू आवाजात, कारण बाहेर दादासाहेब जेवत होते आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

शरदचंद्र म्हणाला, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. अवंतीने विचारलं, सायकलीचा वर्ग दिवसातून एकदाच असतो, मग मी कुठे जाऊ? तो म्हणाला, टेकडीच्या पायऱ्या चढ. गुडघ्यांचं विचारल्यावर तो म्हणाला, मग घरात फेऱ्या मार. ताटात पोळी वाढून घेऊन तो बाहेर गेला. त्याच्या मते ठरलं होतं.

अक्का लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मलाही दीर होते, यांचे थोरले चुलतभाऊ. अठरा वर्षं मी मागच्या दाराने गेले. अंधारातसुद्धा कडी सापडायची मला."

अक्कांनी लसणाची सालं बाजूला सारली.

"दाखव बघू ते. घालतेस ते."

अवंतीने दोरीवरची टाइट्स आणून दिली. अक्कांनी ती हातांनी ताणली, सोडली, पुन्हा ताणली.

"यात पोट मावतं?"

"मावतं."

अक्कांनी घडी घातली, मांडीवर ठेवून दोनदा हात फिरवला आणि परत दिली. याला परवानगी म्हणता येत नाही आणि मनाई तर मुळीच नाही.

*

दुसऱ्या दिवशी अवंती सहालाच गेली. दारावरचा कागद न वाचता आत शिरली आणि सातव्यावर बसली. इतर माणसं आली, बाटल्या लागल्या, गाणं सुरू झालं.

साडेसहाला जिन्यावर चपला वाजल्या. दाराबाहेर कोणीतरी खाकरलं.

सायकलीवर बसलेल्या कोणीच लक्ष दिलं नाही. लोकांना सर्दी होत असते. पण अवंतीचा उजवा हात हँडलवरून सुटला आणि डोक्याकडे गेला. सव्वीस वर्षांचा हात, त्याला कोण अडवणार? डोक्यावर त्याला एक केसांचा बेल्ट सापडला, घामाने ओला. खांद्यावर नॅपकिन होता. तो डोक्यावर घेता आला असता. आलाच असता.

तिने नॅपकिनने तोंड पुसलं आणि हात हँडलवर परत ठेवला.

दार काचेचं होतं. दादासाहेबांनी ती पाहिली, उघड्या डोक्याची, पाय दिसणारी, हलणारी. ते गर्रकन वळले आणि जिन्याकडे तोंड करून उभे राहिले. वाट पाहत. त्यांच्या बाजूने काही चुकलं नव्हतं. ते खाकरले होते. आता निघून जायची पाळी तिची होती.

पण या खोलीला मागचं दार नाही.

मयुरेशनेच जाऊन त्यांना दंडाला धरून आत आणलं. "आओ दादा, भिया, शर्माना कैसा, सब अपने ही हैं." त्याने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, अगदी सावकाश चालवायला सांगितलं आणि तो मागच्या एका बाईची सीट आवळायला गेला. पहिल्या रांगेत असल्याने अवंतीकडे पाठ करायची सोय होती. मात्र समोरच्या भिंतीला इकडून तिकडे आरसा होता. दादासाहेबांनी मान खाली घातली आणि आपल्या गुडघ्यांकडे पाहत पॅडल मारू लागले.

त्यांनी पांढरा लेंगा घातला होता. रुंद मोहरीचा, इस्त्रीचा. पायात चपला.

अवंतीला आरशात आधी दिसलं. उजवी मोहरी पॅडलच्या दांडीत गेली, ताणली, गुंडाळली. दादासाहेबांनी पाय थांबवला, पण पॅडल थांबलं नाही. ते त्यांचा पाय घेऊनच फिरलं. एक चप्पल उडून पडली. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

मयुरेश मागे वाकलेला. गाणं कान फाटेल इतकं. अवंतीने सवयीने तिसरं माणूस शोधलं. डावीकडच्या बाईचे डोळे मिटलेले होते. उजवीकडे खिडकी. टाकीसुद्धा नव्हती.

"दादासाहेब, लाल गुंडी खाली दाबा."

सव्वीस वर्षांतलं त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. त्यांनी दाबली. चाक जागच्या जागी थांबलं.

ती उतरून त्यांच्याजवळ गेली. पाय अडकलेलाच होता. वाकून सोडवणं सगळ्यात सोपं होतं, पण वाकली असती तर तो नमस्कार झाला असता, आणि नमस्कार झाला की सगळं पुन्हा जागेवर गेलं असतं. ती ताठ उभी राहिली.

"गुंडी सोडा. आता पॅडल उलटं फिरवा. हळू. अजून. निघेल."

निघालं. लेंग्याला काळ्या ग्रीसचा पट्टा पडला होता. मयुरेश धावत आला तोवर ती सातव्यावर परत बसली होती. दादासाहेब पाच मिनिटं श्वास घेत बसले, मग एक चप्पल घालून आणि एक हातात घेऊन निघून गेले. तिने पाऊण तास पूर्ण केला. त्या दिवशी तिने गुंडी पिळून चाकावर कधी नव्हे इतकं वजन लावलं होतं आणि मांड्या पेटल्या तरी कमी केलं नाही.

*

ती घरी आली तेव्हा दादासाहेब बैठकीत भावाला सांगत होते. आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढा होता. घरच्या सुना जिथे अशा बसतात तिथे आपल्याला बसता येणार नाही. आपल्याला डॉक्टरांनी सांगितलंय, तिला काही डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. तेव्हा तिला सांग.

शरदचंद्र सांगायला उठला. उठायची गरज नव्हती. ती दारातच उभी होती, त्याच कपड्यांत, गळ्यात नॅपकिन.

"मला सांगा, मी इथेच आहे," ती दादासाहेबांना म्हणाली. "मी सोडणार नाही. तुम्हीही सोडू नका. सायकली बारा आहेत."

आत अक्कांच्या हातून झाकण पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं. ते त्यांनी उचललं नाही.

*

नाश्त्याच्या वेळी फ्रिजवर एक कागद होता. ईशानी हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचताना अडखळते. म्हणून ती मोठ्याने वाचते, आणि ते सगळ्यांना ऐकावं लागलं.

"लें-गा चालणार नाही. बाबांची ट्रॅक पँट कपाटात दुसऱ्या... मम्मी, ये क्या है, खणात? हां. खणात आहे. मोहरी रुंद वाटली तर मोज्यात खो-चा-वी. चप्पल नको, बूट.

"सीटजवळ उभं राहावं. ती कमरेच्या हाडाला लागली म्हणजे बरोबर.

"वीस मिनिटं पुरे. छातीत काही वाटलं तर लगेच सांगावं. मला सांगावं, दुसऱ्याला सांगून मला सांगू नये.

"आरशात सगळे दिसतात. त्याला इलाज नाही.

"सात नंबर माझा आहे.

"खाकरून येऊ नये. दार काचेचं आहे."

ईशानी थांबली. तिला एवढंच कळलं की आपण काहीतरी वाचायला नको होतं ते वाचलंय. शरदचंद्रने पोह्यांत मान घातली. दादासाहेबांनी पोहे संपवले, हात धुतले, आणि फ्रिजकडे न पाहता खोलीत गेले.

दुपारी अक्का अवंतीच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, कपाटाचा दुसरा खण उघडा राहिलाय, मी काही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, साडेसहा. जिन्यावर बूट वाजले. अवंती आरशात पाहत होती. त्यांची ट्रॅक पँट घोट्याच्या वर आखूड होती आणि मोजे त्यावर गुडघ्याकडे ओढलेले, फुटबॉल खेळणाऱ्यासारखे. काचेपलीकडे ते उभे राहिले. गळ्याची घाटी वर गेली. अवंतीचे हात हँडलवर होते. ते तिथेच राहिले.

दादासाहेबांनी आवंढा गिळला आणि दार ढकललं.

पहिल्या रांगेतल्या सायकलीशेजारी ते कमरेला सीट लावून उभे राहिले. मग आरशाकडे, म्हणजे तिच्याकडे, न हसता पाहत म्हणाले, "हाड कुठलं, वरचं की खालचं?"

"वरचं," अवंती म्हणाली, आणि गुंडी पिळून वजन एक आटा वाढवलं.