वेगळी बाटली

माझ्या पहिल्या बाळंतपणात नर्सने पाळण्याला लाल चिठ्ठी लावली आणि म्हणाली, "अंगावर पाजायचं नाही. तुम्हा ट्रॅव्हलर लोकांच्या पोरांना ही बाटली." वॉर्डात नऊ बाळं. आठ आईच्या कुशीत, आणि माझ्या पोराच्या तोंडात ते सोयाबीनचं पाणी. का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ज्या आयरिश गावात दुकानदार आम्हा भटक्यांच्या हाताला हात लागू देत नाही, तिथे वेगळ्या बाटलीचं कारण काय विचारायचं? तीन दिवसांनी चिठ्ठी काढली, "आता पाजलंस तरी चालेल." तोवर माझं दूध आटलं होतं.

म्हणून डिलियाचे दिवस भरत आले तेव्हा मी तिला शिकवलं. डिलिया माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. नवरा ह्यूई आमच्या सख्ख्या मामाचा मुलगा. गावाबाहेरच्या तळावर ट्रेलरमध्ये त्यांचा संसार. मी तेवढी गावात, सरकारी घरात राहायला आले होते.

"आडनाव डेली सांग, गावातल्यांसारखं," मी म्हणाले. "पत्ता माझा दे. कानातल्या मोठ्या रिंगा काढ. आणि तोंड कमी उघड, बोललीस की कळतंच."

"आणि ह्यूई?"

"त्याला येऊच देऊ नको. इंग्लंडला कामाला गेलाय म्हण."

ती हसली. "नॅन, तू तर पक्की गावातली बाई झालीस गं!"

मुलगा झाला. मायली. मी भेटायला गेले तर डिलिया उशांना टेकून टोस्ट खात होती, बाळ छातीशी. "इथे मला मिसेस डेली म्हणतात," ती कुजबुजली. "सगळ्यात मोठी नर्स स्वतः चहा आणते. काल समोरच्या बाईने तळावरच्या लोकांवर एक विनोद सांगितला. सगळ्या हसल्या."

"आणि तू?"

"मीही हसले."

चौथ्या दिवशी दोघांना माझ्या घरी आणलं. पोर जरा पिवळं होतं. बऱ्याच पोरांना होते तशी कावीळ असेल, असं वाटलं. मग ते प्यायलेलं सगळं ओकायला लागलं. रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लासारखं.

"पाज गं," मी म्हणायचे. "पोटात गेलं तरच ताकद येईल." त्याचं डोकं धरून मीच तोंड लावून द्यायचे.

सातव्या सकाळी त्याचं अंग गार लागलं आणि मान लुळी पडली. हॉस्पिटलात नेलं. मी ह्यूईला निरोप धाडला होता. तो भंगाराच्या गाडीवरून तसाच धावत आला, हात काळे, आणि आमच्या बोलीत ओरडायला लागला. तरुण डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही ट्रॅव्हलर आहात का?"

"नाही," मी म्हणाले.

हो, तेव्हाही.

"आहोत," डिलिया म्हणाली. "आहोत, आहोत. काय फरक पडतो?"

डॉक्टर खाली बसला. म्हणाला, "तुमच्या लोकांत एक आजार रक्तातून उतरतो. आई-बाप दोघांकडून आला तर दुधातली साखर पचवणारा रसच बाळाच्या अंगात नसतो. आईचं दूधसुद्धा विष होतं. यकृत बिघडतं. आणि अशा बाळाच्या रक्तात साधे जंतू शिरले, तरी ते वणव्यासारखे पसरतात. तेच झालंय. म्हणून तर तुमच्या बाळांना पहिल्या दिवसापासून वेगळं दूध देतो, लगेच रक्त तपासतो. बाकीच्यांचं रक्त टपालाने डब्लिनला जातं, उत्तर यायला दिवस लागतात." मग त्याचा आवाज चढला. "खोटं नाव का दिलंत?"

"ती बाटली कशासाठी, ते आम्हाला कुणी सांगितलं होतं का?" मी विचारलं.

चहा आणणारी मोठी नर्स दारातच उभी होती. ती दुसरीला म्हणाली, "खोटारडी जात. स्वतःच्या पोराशीसुद्धा खोटं बोलतात." आवाज खाली आणायची तसदीही तिने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायली गेला. नऊ दिवसही पुरे झाले नव्हते.

शवपेटी तळावर आणली. पाच परगण्यांतून माणसं आली. डिलियाने मला पेटीशेजारच्या खुर्चीवर बसवलं. मला वाटलं, बहीण जवळ हवी असेल. पहिली बाई आत आली, छातीवर क्रूसाची खूण केली, रडली आणि विचारलं, "काय झालं गं लेकराला?"

"नॅन सांगेल," डिलिया म्हणाली.

मी आजाराचं सांगितलं.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "रिंगांपासून."

मी सांगितलं. ती बाई गेली, दुसरी आली. "नॅन सांगेल." आत्या आली, मावशी आली, ह्यूईची आई आली. ह्यूईची आई ऐकून झाल्यावर माझ्या पायाशी थुंकली आणि पोराच्या कपाळाचा मुका घेतला. मध्ये मी पाणी मागितलं, तर डिलिया म्हणाली, "आधी हिला सांग, ही लांबून आलीय." डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. एखादं वाक्य मी गाळलं की ती आठवण करून द्यायची. डॉक्टरला 'नाही' म्हटल्याचं मी दोनदा गाळून पाहिलं; दोन्ही वेळा तिने पकडलं.

त्याच महिन्यात त्यांनी ट्रेलर जोडला आणि मँचेस्टर गाठलं. पुढे तिला मुलगी झाल्याचं मला परक्याकडून कळलं. पोर धड आहे की नाही, विचारलं. सांगणाऱ्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "तुला सांगू नको असं बजावलंय तिने."