धुराळाला कुणी हरवेना

सायलीने केलेल्या खेळातल्या शेवटच्या राक्षसाला कुणालाच हरवता येत नव्हतं, आणि याचा सायलीला मोठा अभिमान होता.

खेळाचं नाव 'बालाघाटची वाट'. सायली मूळची सिरसाळ्याची. अंबाजोगाईत शिकली, तिथेच एका क्लासमध्ये संगणक शिकवायला लागली आणि उरलेला सगळा वेळ दोन वर्षं तिने या खेळात घातला. चित्रं बाळूची. बाळूचा धंदा वाढदिवसाचे फ्लेक्स करून द्यायचा, त्यामुळे त्याच्या हातचे राक्षससुद्धा थोडे पुढाऱ्यासारखे दिसायचे. पण हात झकास होता. खेळात मैना नावाची मुलगी कोयता घेऊन घाटातून निघते. वाटेतल्या गावांत लोकांची कामं करते, तशी तिची ताकद वाढते, हत्यारं सुधारतात, आणि मुक्कामामुक्कामाला एकेक मोठा राक्षस आडवा येतो. असल्या राक्षसाला खेळणारी मंडळी बॉस म्हणतात. पहिला बॉस दगड्या. शेवटचा धुराळ, एका फुंकरीत माणूस उडवणारा.

"बावीस जणांनी खेळून बघितलं," सायली बाळूला म्हणाली, "एकाला बी धुराळ मारता आला न्हाई."

"म्हंजे चांगलं का वाईट?" बाळूने विचारलं.

"चांगलंच की. सोपा बॉस काय कामाचा?"

महिनाभराने गावातल्या एका कॉलेजात प्रदर्शन होतं. तिथे खेळ मांडायचा, धुराळापुढे भल्याभल्यांची फजिती बघायची, असं चित्र सायलीच्या डोळ्यांपुढे होतं.

ती राहायची चंद्रभागाबाईंच्या वरच्या खोलीत. बाई चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. उन्हाळ्यात अंगणात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडलेली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता आणि तो दाबून दाबून बाईंना वीट आला होता.

"दुसरं काहीतरी दे बाई मला हाताला," एके दिवशी त्या सायलीला म्हणाल्या. "या चेंडूत डोकं चालवायला काहीच न्हाई."

सायलीने गंमत म्हणून खेळाचा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि आपला जुना लॅपटॉप समोर ठेवला. बाई कंट्रोलरला रिमोट म्हणायच्या. पहिल्या दिवशी मैना नुसती झाडाला जाऊन धडकत होती. तिसऱ्या दिवशी बाई दगड्यापर्यंत पोचल्या, आणि दगड्याने त्यांना दोन फटक्यांत लोळवलं.

"अस्सं होय," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि एक जुनी वही काढली.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. भाजी निवडता निवडता बाई सांगायच्या, "मारायच्या आधी तो डावा खांदा उचलतो गं. मी उजवीकडं पळत होते, म्हणून मार खात होते." दुसऱ्या दिवशी, "तीनदा आपटला की दम खातो. तेवढ्यात दोन वार बसतात. तिसऱ्याचा लोभ केला की मेलो." एकतिसाव्या वेळी दगड्या कोसळला. तेव्हा बाईंनी अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या केशरबाई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या.

"काय झालं? साप निघाला का?"

"दगड्या मेला!" बाई म्हणाल्या.

केशरबाईंना दगड्या कोण ते ठाऊक नव्हतं, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी पोळ्या तशाच सोडल्या आणि चहा होईपर्यंत बसल्या.

सायलीला हे सगळं फार आवडलं. आता बाई धुराळापर्यंत कधी पोचतात याची ती वाट बघायला लागली. आठवडाभरात बाई पोचल्याही. पण या वेळी भाजी निवडताना बाई काही बोलेनात. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी सायली क्लासहून आली, तर बाईंनी लॅपटॉप मिटून त्यावर रिमोट ठेवून दिला होता आणि शेजारी रबरी चेंडू दाबत बसल्या होत्या.

"घेऊन जा वर," त्या म्हणाल्या. "मला न्हाई खेळायचं."

"अवघड हाय ना लई?" सायली खुशीत म्हणाली.

"अवघड न्हाई. खोटं हाय."

सायलीचं हसू मावळलं. "खोटं म्हणजे?"

"दगड्या अवघड होता. तीस वेळा हरले, पण प्रत्येक वेळी कळत होतं कुठं चुकलं. या धुराळाची फुंकर कधी येते? कधीबी येते. मनाला येईल तेव्हा. उभी राहा, पळ, बस, मरायचं ते मरायचंच. त्यातून एकदा कसाबसा त्याचा जीव अर्ध्यावर आणला, तर आपला आपणच पुन्हा पूर्ण भरला. कावून? कुणी सांगितलं होतं तसं? आणि मेल्यावर परत घाटाच्या पायथ्यापासून चाल, आणि वर गेल्यावर त्याचं भाषण ऐक. ते भाषण मला पाठ झालंय आता. म्हणून दाखवू?"

"बाई, शेवटचा बॉस हाय तो. सोपा कसा असंल?"

"मी सोपा मागितला का?" बाईंनी चेंडू खाली ठेवला. "एक सांग. तू मारलास का त्याला?"

"हो, कितींदा तरी."

"सगळ्यांसारखं खेळून?"

सायलीची नजर मिटलेल्या लॅपटॉपकडे गेली. खेळ तपासताना ती नेहमी एक कळ दाबून ठेवायची. ती कळ दाबली की मैनेला मरणच नव्हतं. नाहीतर दरवेळी मरत बसून काम कधी उरकायचं? पण त्या कळीशिवाय, सगळ्यांसारखं, ती धुराळापुढे एकदाही उभी राहिली नव्हती.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली.

बाई हसल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता, तरी सायलीला ते लागलंच.

"बस जरा," बाई म्हणाल्या. "नोकरीला लागून मला चौथं वर्ष होतं. नववीच्या सहामाहीला मी असा पेपर काढला, की बासष्ट पोरांतली सात पास झाली. मी शाळेत ताठ मानेनं फिरत होते. म्हटलं, बघा, कसा कडक पेपर काढते मी. आमचे हेडमास्तर राधाकिशन सर. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, माझाच पेपर माझ्यापुढं ठेवला, घड्याळ ठेवलं आणि म्हणाले, सोडवा. अडीच तासांत माझेच दोन प्रश्न राहिले. आणि त्यातला एक तर पोरांना अजून शिकवलाच नव्हता मी."

"मग?"

"मग काय, घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी नवा पेपर काढला. तोही सोपा नव्हता बरं का."

सायली लॅपटॉप घेऊन वर गेली. राग आला होता. बाईंचा, बावीस जणांचा, कुणाचा ते तिला नीट कळत नव्हतं. दार लावून ती खेळायला बसली, ती खास कळ न दाबता. पहिल्या तीन वेळा तिला वाटलं, आपला हात बसला नाही. आठव्या वेळी धुराळाचं भाषण सुरू झालं तशी ती पडद्याकडे बघून ओरडली, "अरे, बास की!" ते भाषण तिनेच लिहिलं होतं, आणि लिहिताना स्वतःवरच खूश झाली होती. बाराव्या वेळी धुराळ अर्ध्यावर आला आणि पुन्हा पूर्ण भरला. सायलीने कंट्रोलर गादीवर आपटला आणि म्हणाली, "कोण्या शहाण्यानं केलंय हे!"

मग तिचं तिलाच हसू आलं. संध्याकाळी क्लासला जायच्या आधी तिने बाळूला फोन केला.

"बाळ्या, धुराळ बदलायचाय."

"प्रदर्शन आठ दिवसांवर आलंय!"

"म्हणूनच लवकर ये."

पहिला प्रयत्न फसला. सायलीने घाईघाईत धुराळाची अर्धी ताकदच काढून टाकली आणि बाईंना आग्रहाने पुन्हा खेळायला बसवलं. बाईंनी त्याला पहिल्याच झटक्यात आडवा केला आणि मैनेच्या विजयाचा ढोल वाजायच्या आत रिमोट खाली ठेवला.

"ग्रेस मार्क देऊन पास केलंस होय मला?" त्या म्हणाल्या. त्या दिवशीपेक्षा जास्त चिडल्या होत्या.

मग मात्र सायली आणि बाळू नीट कामाला लागले. सायलीने काढलेली ताकद परत दिली. फुंकर तशीच जबरदस्त ठेवली. पण आता फुंकर मारण्याआधी धुराळ छाती फुगवायचा आणि त्याच्या पायाशी वाळकी पानं गरगर फिरायला लागायची. त्या पानांवर बाळूने दोन दिवस घालवले, एका वाढदिवसाचा फ्लेक्ससुद्धा लटकवून ठेवला. धुराळाचं आपोआप भरणं गेलं. त्याऐवजी अर्ध्यावर आला की त्याला दुसरं तोंड फुटायचं, पण आधीच्या गावातली म्हातारी मैनेला तसं सांगून ठेवायची. ज्याने तिचं ऐकलं तो सावध. भाषण एकदा ऐकलं की पुन्हा ऐकायची सक्ती नव्हती. आणि मेल्यावर मैना थेट गुहेच्या दाराशी उभी राहायची.

बाई पुन्हा खेळायला बसल्या आणि पुन्हा हरल्या. सायली जिन्यात उभी राहून कान देत होती.

"अर्रर्र! पानं दिसली होती की मला!" आतून आवाज आला. थोड्या वेळाने, "लोभ, लोभ नडला." मग, "आता बघ हं तू."

बाई प्रदर्शनापर्यंत सत्तावीस वेळा हरल्या आणि एकदाही रिमोट ठेवून उठल्या नाहीत. सायलीने मात्र बाविसाव्या वेळी त्याला मारला, कुठलीही कळ न दाबता, आणि खोलीत अशी नाचली की खालून बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

प्रदर्शनाच्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून खेळाच्या टेबलाशेजारी बसल्या. कुणी विचारलं तर "मी परीक्षक" म्हणायच्या. पोरापोरींची रांग लागली. सगळा खेळ खेळायला वेळ नव्हता, म्हणून सायलीने मैनेला थेट धुराळाच्या गुहेच्या दाराशीच उभी केली होती. धुराळ एकेकाला उडवत होता, पण उठणारा प्रत्येक जण शेजारच्याला काहीतरी सांगत उठत होता: "ते पानांकडं बघ", "दुसरं तोंड फुटलं की मागं सर". सायली खेळाकडे कमी आणि या बोलण्याकडे जास्त लक्ष देत होती.

दुपारी रांगेत अजिनाथ नावाचा एक गडी आला. मांजरसुंब्याच्या चौकात त्याचं पंक्चरचं दुकान. भाचीने प्रदर्शनात काहीतरी मांडलं होतं म्हणून तिला बघायला आलेला. हाताच्या रेघांत ग्रीसचं काळं बसलेलं. हरला. हसला, आणि मुकाट्याने जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुन्हा हरला, पुन्हा शेवटी. भाची दोनदा बोलवायला आली, दोनदा एकटीच परत गेली. पाचव्या खेपेला त्याने धुराळाला दुसऱ्या तोंडापर्यंत आणलं, तेव्हा रांगेतली पोरं रांग मोडून त्याच्याभोवती गोळा झाली. आठव्या खेपेला धुराळ छाती फुगवता फुगवताच कोसळला.

हॉलभर टाळ्या पडल्या. बाळूने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सायली अजिनाथजवळ गेली.

"दादा, कंटाळला न्हाईत? सात वेळा हरलात."

"कंटाळा कावून यील?" अजिनाथ म्हणाला. "हारलो तर हारलो, पर कशापायी हारलो ते कळत हुतं की. मंग पुन्यांदा रांगंत उभं ऱ्हायला बरं वाटतंय."

सायलीने वळून बाईंकडे बघितलं.

चंद्रभागाबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तोंड एवढंसं करून त्या बसल्या होत्या. महिनाभर झुंजल्या त्या, आणि मान मिळाला या पंक्चरवाल्याला. गर्दी पांगल्यावर त्यांनी हळूच अजिनाथला खूण केली.

"तू ते दुसरं तोंड फुटल्यावर काय केलंस रे? मागं न सरता?"

"मागं कशाला सरायचं? पोटाखालून निसटायचं. बसा तुमी, दाखवतो."

बाई खुर्चीवर बसल्या. चौतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई मारली, त्यांच्यामागे अजिनाथ उभा राहिला आणि सुनावू लागला, "घाई कावून करताय? पानं फिरू द्या आधी. आता! न्हाई, उशीर केला बगा." बाई एकदा हरल्या, दोनदा हरल्या. तिसऱ्यांदा पोटाखालून निसटल्या, दोन वार घातले, तिसऱ्याचा लोभ केला नाही. पुन्हा पानं फिरली, पुन्हा निसटल्या.

धुराळ पडला तेव्हा बाईंना आरोळीसुद्धा सुचली नाही. त्या उठल्या, अजिनाथकडे वळल्या आणि म्हणाल्या, "शिकवतोस चांगलं तू."

अजिनाथ लाजला. हात पुसत म्हणाला, "शाळंत गणितात नापास हुतो मी, बाई."

"कुणी काढला होता पेपर?" बाईंनी विचारलं, आणि चहा प्यायला त्याला सोबत घेऊन गेल्या.