फुकटचा राखणदार

माझे दीर वीरेश लातुरात अँटिव्हायरस विकतात. विकतात म्हणजे, विकायचे. आता नव्या कम्प्युटरात अँटिव्हायरस आधीच बसवलेला येतो, तेव्हापासून भावजींचं तोंड कारलं खाल्ल्यावानी झालंय.

औशात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान हाय. जुना कम्प्युटर मेला म्हणून नवा घेतला, तर तो सुरू करून द्यायला भावजी आले ते भांडतच.

"वहिनी, कंपनीनं हे आतून देऊच नये. घर बांधणाऱ्यानंच वॉचमन ठेवला तर तो कुणाचं ऐकणार? मालकाचं, का गवंड्याचं?"

"फुकट हाय ना? मग भुंकू द्या की," मी म्हणलं.

ते लई चिडले. चिडतच खिशातला पेनड्राइव्ह लावला, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं अन् चहा न घेताच गेले.

आज सकाळी गावच्या बड्या असामीची, आप्पासाहेबांच्या लेकीची, पुनमची पत्रिका कम्प्युटरवर उघडली अन् बघते तर काय! मराठीचं एक अक्षर जाग्यावर न्हाई! गणपतीच्या नावाच्या जागी टक्क्याचं चिन्ह, नवरदेवाच्या जागी डॉलर. नवरदेवाचं त्यांना चाललंही असतं म्हणा. पण दुपारी पहिली पत्रिका सिद्धेश्वरापुढं ठेवायला घरची सगळी मंडळी निघणार होती. आप्पासाहेबांचं काम चुकलं, की औशातलं एकही लग्न माझ्या दारात यायचं न्हाई, सगळी लातूरच्या प्रेसला जातील. काय करावं, रडावं का काय!

नाक मुठीत धरून भावजींना फोन लावला. मिळेल त्या बसनं आले. दिवाळीला आल्यासारखे खुशीत होते मेले.

"बघा! तुमच्या वॉचमननं टायपिंगचं सॉफ्टवेअरच कोंडून ठेवलंय. घरचं माणूस ओळखत न्हाई तो. आता आमचं बघा." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानातला अँटिव्हायरस बसवला.

तो सुरू झाला, अन् लगेच पडदा लालभडक. त्यानंही तीच फाईल धरली. खाली कारण लिहिलं होतं: कुलूप फोडून चोरलेलं सॉफ्टवेअर.

"भावजी, हे तर तुमच्याच पेनड्राइव्हमधलं हाय!"

"ह्या वॉचमन लोकांना काय कळतंय!"

"म्हणजे विकत घेतलेलं न्हवतं?"

"काय वहिनी, मराठीसाठी कुणी पैसे देतं का?"

मी कपाळावर हात मारला. अँटिव्हायरस विकत घ्या म्हणून गावभर सांगत फिरणारा माणूस! ओठावर आलं होतं, पण घड्याळ बघितलं अन् गिळलं.

"दोन्ही वॉचमन बंद करा," मी म्हणलं. "अन् त्या कोंडलेल्याला सोडा."

पडद्यावर प्रश्न आला, 'यावर तुमचा विश्वास आहे का?' भावजी माझ्याकडं बघाय लागले. मीच 'होय' दाबलं. गणपती परत आला, नवरदेव परत आला, सगळे चुलते-मामे रांगेत उभे राहिले. छपाई सुरू झाली तसं मी भावजींना आतल्या घरात ताटावर बसवलं. दिराला उपाशी कसं पाठवणार?

तेवढ्यात आप्पासाहेब दारात. "सिंधुताई, गाडी कवाची उभी हाय. एवढा उशीर?"

"काय सांगू आप्पा, दुकानात चोर सापडला."

"अरे बाप रे! मग? पोलिसात दिला का?"

"न्हाई हो," मी गरम पत्रिका त्यांच्या हातात ठेवल्या. "आत जेवायला बसलाय."