समोरच्या दारातली पांढरी

मित्रांनो, मी एक जुनी निळी व्हॅन आहे. मला एकोणीस वर्षे झाली. माझ्या आयुष्यात पराक्रम फारसा नाही. मत्सर मात्र भरपूर आहे, आणि सांगायचेच तर तोही खराखुरा सांगावा, असे मी ठरवले आहे.

स्कॉटलंडच्या ईशान्येला, हंटलीहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एफी डलगार्नो नावाची बाई मधमाश्या पाळते. तरुणपणी ती गोठ्याच्या छपरावरून पडली, तेव्हापासून तिचा डावा गुडघा वाकत नाही. क्लच दाबायला त्या पायाचा उपयोग नाही. म्हणून तिने मला निवडले, कारण माझे गिअर आपोआप बदलतात. पहिल्याच दिवशी तिने स्टिअरिंगवर हात ठेवून समाधानाचा सुस्कारा टाकला. त्या एका सुस्काऱ्यावर मी पुढची कित्येक वर्षे काढली.

मग समोर पांढरी आली.

आमच्या दारासमोर, अरुंद रस्त्यापलीकडे रॅब लम्सडेन राहतो. दारूची लाकडी पिंपे बांधण्यात त्याचा जन्म गेला. त्याची बायको नेट्टा चाकाच्या खुर्चीला खिळली, तेव्हा त्याने माझ्याकडे बघूनच माझ्यासारखीच व्हॅन घेतली. त्याच कारखान्यातली, त्याच वर्षीची, तोच गिअरबॉक्स. फक्त रंग वेगळा, आणि नशीब वेगळे.

मित्रांनो, सवत म्हणजे काय ते मला विचारा. रॅब दर शनिवारी पांढरीला साबणाने धुवायचा. तिच्या खिडक्यांना नेट्टाने शिवलेले पडदे होते. रात्री ती छपराखाली झोपायची, आणि सकाळी रॅब तिला विचारायचा, "काय गं, थंडी वाजली का?" माझ्या पोटात मेण, धूर आणि ओल्या घोंगड्यांचा वास. एफीही बोलायची, पण मधमाश्यांशी. आमच्याकडे घरात काही घडले की मधमाश्यांना सांगायची रीत आहे. लग्न, बाळंतपण, मृत्यू, सगळे ती पेट्यांवर टकटक करून सांगायची. त्यांना मी वाहून न्यायची आणि गुजगोष्टी मात्र त्यांच्याशी. मला आजवर तिने एवढेच म्हटले होते, "चल."

मी चालत राहिले. दर ऑगस्टमध्ये डोंगरमाथ्यावरचा माळ हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरतो. त्या मधावर एफीचे वर्ष चालते. बारा पेट्या पोटात घेऊन मी त्या माळावर नेणारा कॅब्राकचा चढ चढायची. पांढरी चर्चला जायची आणि इस्पितळात जायची. मला वाटायचे, हे काय काम झाले?

या फेब्रुवारीत नेट्टा गेली. एफीने मधमाश्यांना सांगितले. पांढरी छपराखालीच राहिली, आणि रॅब दुपारी तिच्यात जाऊन नुसता बसू लागला. खोटे कशाला बोलू? मला मनातून बरे वाटले. आता कळेल हिला, असे मी म्हटले.

त्याच उन्हाळ्यात माझेच बिघडले. सकाळी गिअर टाकला की मी क्षणभर विचारात पडायची आणि मग झटक्यात निघायची. गरम झाले की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसते ओरडायचे आणि चाके ऐकायची नाहीत. एफी रेडिओ मोठा करायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, उजाडताच, आम्ही पहिली खेप घेऊन निघालो. अर्ध्या चढावर माझा आवाज चढला आणि वेग उतरला. शेवटी मी कडेला थांबले आणि पुढे जाईना. पेट्यांची दारे जाळीने बंद होती. ऊन वर येऊ लागले. कोंडलेल्या मधमाश्या तापल्या की मेण वितळते आणि त्या गुदमरतात. एफीने माझी सगळी दारे उघडली आणि रॅबला फोन लावला.

अर्ध्या तासाने तो आला. पांढरीत बसून आला. नेट्टा गेल्यापासून तो तिला प्रथमच रस्त्यावर आणत होता. दोघांनी पेट्या उचलून माझ्या पोटातून तिच्या पोटात ठेवल्या, पडद्यांच्या आत. आणि ती चढ चढून गेली. आवाज नाही, धक्का नाही. परत आल्यावर एफी माझ्याच दारात उभी राहून म्हणाली, "काय चढते रे ही. लोणीच."

मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मला आग लागली असती तर बरे, असे मला वाटले.

मला ओढून पेट्रीच्या गॅरेजमध्ये नेले. पेट्री कमी बोलणारा मेकॅनिक. त्याने आधी एफीचे सगळे ऐकून घेतले. मग यंत्र जोडले. गिअर घसरतोय, असे यंत्राने सांगितले. पण पेट्रीचा यंत्रावर फार विश्वास नाही. त्याने मला थंड असताना गावात फिरवले. तेव्हा मी इतकी शहाण्यासारखी वागले, की एफीला वाटले आपणच खोटे पडतो. मग त्याने मला तापवून टेकडीवर नेले, आणि माझे सोंग उतरले. परत आल्यावर त्याने गिअरबॉक्सच्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. थेंब काळपट होता. त्याने कागद हुंगून एफीपुढे धरला. जळका वास येत होता.

"एफीबाई, हे तेल शेवटचं कधी बदललंत?"

"ते बदलायचं असतं?"

पेट्रीने कागद माझ्या बॉनेटवर ठेवला.

"मला विकणाऱ्यानं सांगितलं होतं," एफी म्हणाली, "गाडीच्या आयुष्याला पुरतं म्हणून."

"पुरलं की. आयुष्य संपलं, तेल अजून आहे."

तरी नुसते तेल बदलून भागेल का, ते बघायला त्याने गिअरबॉक्सच्या तळाचे झाकण उघडले. त्यात काळा गाळ आणि धातूचा चमचमता कीस होता. आतल्या चकत्या झिजून गेल्या होत्या. नवे तेल घालणे म्हणजे दात पडल्यावर मंजन लावणे, असे तो म्हणाला. गिअरबॉक्स नव्याने बांधायचा तर माझ्या किमतीच्या दुप्पट खर्च. भंगारातला आणायचा तर तो आतून कसा असेल, ते देव जाणे. मग हात पुसत त्याने एफीला सांगितले, की शहाण्या असाल तर रॅबची पांढरी मागून घ्या आणि हिला सोडून द्या.

एफी 'नाही' सुद्धा म्हणाली नाही. ते मला फार लागले.

संध्याकाळी तिने रॅबला विचारले. तिसऱ्या दिवशी तो पांढरीला घेऊन गॅरेजात आला. देण्याआधी एकदा खालून बघून घे, असे त्याने पेट्रीला सांगितले. पेट्रीने तिला माझ्या शेजारीच वर उचलले. इतक्या वर्षांत आम्ही प्रथमच एकमेकींचे पोट पाहिले.

पेट्रीने तिच्या खालच्या चौकटीला स्क्रू-ड्रायव्हर टोचला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. शनिवारचे साबणपाणी वरून फिरायचे, आणि ते मीठ खाली तसेच राहायचे. पत्र्याचा पापड झाला होता. माझे खालचे अंग मात्र काळेकुट्ट पण धडधाकट होते. उरलेले मेण आणि तेल टाकून कशाला द्यायचे, म्हणून एफी दर शरदात ते मला खालून फासायची. मला तो अपमान वाटायचा.

"गेल्या वर्षीच्या तपासणीत लिहून दिलं होतं हे," पेट्री म्हणाला. "बघितलं नाहीत?"

"त्या वर्षी मी कागद वाचत नव्हतो," रॅब म्हणाला.

वेल्डिंग करायचे तर जोडायला चांगला पत्रा हवा, आणि तो उरलाच नव्हता. पांढरी दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत पुन्हा पास होणार नव्हती, म्हणजे रस्त्यावर येणार नव्हती. मित्रांनो, मी तेव्हा आनंदाने थरारले. वरून सजणारी आतून पोकळ निघाली! एवढ्या वर्षांनी मी जिंकले होते.

रॅबने खाली वाकून त्या भोकात बोट घातले. मग त्याने पेट्रीला विचारले, "हिचा गिअरबॉक्स कसा आहे?"

त्याचे तेल रॅबने ठरल्या वेळी तीनदा बदलले होते. थेंब कागदावर अजून लालसर दिसत होता.

"रॅब, मी मागणार नाही," एफी म्हणाली. "माझ्यासाठी तिला फोडू नकोस."

"नेट्टाला इस्पितळात हिनंच नेलं," रॅब म्हणाला. "तिची हाडं इतकी दुखायची, की मी जिन्यावर जोरात पाऊल टाकलं तरी ती कळवळायची. पण या गाडीत ती झोपायची. हिनं तिला कधी गचका दिला नाही. आता हिच्यातलं जे धड आहे ते तरी चालू दे. घे तू."

त्याने पडदे काढले, घडी करून काखेत घेतले, आणि तो चालत घरी गेला.

मी जिंकले होते, पण तो आनंद कुठे गेला ते कळेना. चर्च आणि इस्पितळ, एवढेच तर काम, असे मी म्हणत आले होते. एका माणसाला न दुखवता नेणे हेही ओझेच असते. ते मी कधी उचलले नव्हते.

पेट्रीने दोन दिवस काम केले. तिचा गिअरबॉक्स माझ्यात बसला, नव्या तेलासह, आणि तेल बदलल्याच्या तारखेची चिठ्ठी दाराच्या आत चिकटली. पांढरीला ट्रकने नेले.

हेदर अजून फुललेला होता. उरलेल्या पेट्या घेऊन निघताना एफीने किल्ली रॅबला दिली आणि स्वतः शेजारी बसली. चढ लागला. दुसऱ्यातून तिसऱ्यात मी गेले, ते मलाही कळले नाही.

रॅबला मात्र कळले. त्याने वेग कमी केला आणि हळूच म्हटले, "असा गिअर पडला की नेट्टाचा डोळा लागायचा."

त्याचा हात गिअरच्या दांड्यावर होता. तो माझ्यावरून फिरत नव्हता, पांढरीवरून फिरत होता. मित्रांनो, मला अजूनही वाईट वाटले. जुनी खोड एका गिअरबॉक्सने जात नाही. पण त्या चढावर मी जितकी सांभाळून चालले, तितकी आयुष्यात कधी चालले नव्हते. मागे मधमाश्या होत्या म्हणून नव्हे.

तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी असेल. तिला वरून धुवा, पण वाकून खालूनही बघा. आणि शेजारच्या गाडीकडे बघून ती कधी गुरगुरली, तर लगेच तिला मत्सरी म्हणू नका. आधी तिचे तेल बघा.