लेन्सखालची सरकीची उशी

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावा. पण मी एक जुनी उशी आहे, आणि उशीला खोटं बोलून काय मिळणार? आज मिळण्यासारखं थोडं आहे म्हणा, तेही सांगते.

मी डोक्याखालची उशी नव्हे, कॅमेऱ्याच्या लेन्सखालची. रानातल्या जनावरांचे फोटो काढणाऱ्यांची लेन्स हातभर लांब असते आणि वजनाला चांगल्या पोसलेल्या भोपळ्यासारखी. नुसत्या हातात धरली तर फोटो हलतो. म्हणून गाडीच्या खिडकीवर नाहीतर बांधावर माझ्यासारखी एक ठेवायची आणि तिच्या पोटात लेन्स रुतवायची. शहाणे लोक असल्या उशीत राजमा भरतात, कुणी प्लास्टिकचे मणी भरतात. माझ्या पोटात मात्र सरकी आहे. कापसातून रुई निघाली की मागे उरतं ते बी. गाई-म्हशी त्यावर जीव टाकतात.

आज सकाळपासून मी नाचणगावच्या एका अंगणात अनुसयाबाईंच्या मांडीवर पडून आहे. त्यांच्या हातात ब्लेड आहे. त्यांची सून ज्योत्स्ना जंगलातले फोटो काढते. काल तिच्यासाठी कुरियरने नवी उशी आली. काळी, चेनवाली, पाण्यात न भिजणारी. ती घेऊन ज्योत्स्ना पहाटेच बोर अभयारण्यात गेली आणि जाता जाता म्हणाली, "आई, जुनीची सरकी गाईले टाकून द्या. कापड मोटर पुसाले होईल." झालं. पोट गाईला, कातडी मोटरीला. सुट्टीत आलेली पोरं भोवती जमली आहेत आणि अनुसयाबाईंची नात दिपाली सर्वांत पुढे बसली आहे. म्हणून घाईघाईने जन्मकथा सांगते. ब्लेड थांबलेलं आहे तोवर ऐकून घ्या.

मला शिवलं अनुसयाबाईंनीच. सात वर्षं झाली. मनोहररावांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, गुडघ्यावर फाटलेली जीन्स घेतली, दुहेरी शिवण घातली आणि कोठीतली सरकी ओतली. ज्योत्स्ना नवी सून होती. हातात उशी घेऊन ती बघतच राहिली.

"आई, सरकी काऊन भरली जी? जनावरं मागं लागतील ना!"

"मंग तू जाते कायच्यासाठी?" अनुसयाबाई म्हणाल्या. "जनावरं पाहालेच ना? येतील तर बरंच हाय."

ज्योत्स्नाने मला उचलून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकलं.

तेव्हापासून मी किती रान पाहिलं म्हणून सांगू! बोरच्या जंगलात उन्हाळ्यातल्या एका सकाळी अस्वल आलं. आमच्या जिप्सी गाडीपाशी उभं राहून त्याने खिडकीतल्या मला हुंगलं आणि असं शिंकलं, असं शिंकलं, की तिकडे दूर देवळीच्या बसस्टँडवर माणसं छत्र्या उघडून उभी राहिली. एका पावसाळ्यात मी आठ दिवस ओली राहिले, तर माझ्या शिवणीतून कपाशीची दोन पानं उगवली. अगदी हिरवीगार. ज्योत्स्नाला ती खुडवेनात. तशीच मला घेऊन ती रानात गेली आणि वेडा राघू, तो चिमणीएवढा हिरवा पक्षी, येऊन त्या पानांच्या सावलीत बसला. हातभर अंतरावर! एवढ्या जवळचं मोठ्या लेन्सला दिसतच नाही. बिचारी श्वास रोखून नुसती बघत राहिली. त्या दिवशी फोटो एकही मिळाला नाही, पण घरी येऊन ती जेवताना एकटीच हसत होती. अशा दिवसांचे उपकार कसे मोजायचे, मित्रांनो? मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते.

आता मुख्य गोष्ट. ही तरी नीट ऐका, कारण ही अर्धी खरी आहे.

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, गिरडला दर्ग्याच्या टेकडीखालच्या एका शेतात ज्योत्स्ना तीन दिवस बसून होती. शेत तिच्या मावशीचं. तुरीच्या ओळीत रोही येतात असं मावशीने सांगितलं होतं. रोही म्हणजे नीलगाय. नाव गाईचं, अंग घोड्याचं आणि स्वभाव माझ्या मते सशाचा. पापणी हलली तरी पळतो. दोन दिवस एकही आला नाही. तिसऱ्या दुपारी ज्योत्स्ना बांधाआड पालथी पडून समोर बघत होती, मी तिच्यापुढे, माझ्यावर लेन्स. आणि रोही आला मागून.

आधी गरम श्वास आला. मग एक खरबरीत जीभ माझ्या शिवणीवरून फिरली. मी म्हटलं, आता संपलं. त्याने दातांनी शिवण धरली आणि एकच हिसडा दिला. लेन्स कलंडली, सरकी भसकन मातीत सांडली आणि तो मोठा निळा-राखाडी नर ज्योत्स्नाच्या कानापाशी उभा राहून मजेत चरायला लागला. ती हलली नाही. हलली असती तर तो पळाला असता. दाणा न् दाणा टिपून झाल्यावर त्याने माझं कापड उलटं करून, झटकून पाहिलं. मग वीस पावलांवर गेला, वळला आणि रवंथ करत आमच्याकडे बघत राहिला. ओठाला सरकीची बोंडभर पांढरी लव चिकटलेली, डोळ्यांत दुपारचं ऊन, पापण्या एवढाल्या लांब. ज्योत्स्नाने लेन्स स्वतःच्या मुठीवर टेकवली आणि फोटो काढला. उशी नव्हती, तरी फोटो हलला नाही. तिच्या सगळ्या फोटोंत तो सर्वांत चांगला. राजमा भरलेली उशी असती तर मिळाला असता का?

त्या संध्याकाळी नाचणगावला परत आल्यावर अनुसयाबाईंनी मला पुन्हा शिवलं, पुन्हा सरकी भरली. फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लावायचं ठरलं तेव्हा मनोहरराव भडकले. त्यांची वांगी रोह्यांनी दोनदा फस्त केली होती.

"आमच्या वावरात चोरी करते थो, अन् त्याचा फोटू लावता घरात! उद्या हार बी घालसान!"

"नाई लावत, बाबा," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यांनी मोठा केलेला फोटो उजेडात धरला. मग म्हणाले, "थोबाड पाय ना कसं! जसा काही खाल्लंच नाई यानं. आन हातोडी." खिळा त्यांनी स्वतः ठोकला. आता घरी कोणी आलं की ते आधी रोह्याच्या नावाने बोटं मोडतात आणि मग पाहुण्याला हाताला धरून फोटोसमोर नेतात.

मित्रांनो, मी या सगळ्यांची ऋणी आहे. त्या चोर रोह्याची तर फारच. नव्या उशीचाही मला राग नाही. ती भिजणार नाही, फाटणार नाही, तिच्यामागे कोणी लागणार नाही. पण अनुसयाबाईंचं ब्लेड आता शिवणीला टेकलं आहे, म्हणून गिरडच्या त्या दुपारची एक गोष्ट, जी ज्योत्स्नाने आजवर कोणालाच सांगितली नाही, ती मला सांगावीच लागेल.

रोही गेला. पाच मिनिटंही झाली नसतील. त्याच तुरीतून वाघ निघाला! बैलाएवढा. ज्योत्स्ना तिथेच पडून. वाघ सावकाश आला, तिला ओलांडून माझ्यापाशी थांबला, एक लांबलचक जांभई दिली आणि माझ्या गुबगुबीत पोटावर डोकं टेकवून चक्क झोपला. घोरत होता, मित्रांनो! सरकीच्या उबेत त्याला अशी झोप लागली की ऊन उतरेपर्यंत उठला नाही. उठल्यावर त्याने मला हळूच चाटलं आणि गेला. आता तुम्हीच सांगा, ज्या पोटावर वाघाने विश्वासाने डोकं ठेवलं ते पोट फाडायचं? जुनं झालं म्हणून आपल्या माणसाला कोणी उसवून टाकतं का? जपा, मित्रांनो. एखादा टाका घाला. आम्ही जुन्या वस्तू फार काही मागत नाही, फक्त—

"खोटी! साफ खोटी!" दिपाली ताडकन उठली आणि तिने आजीच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. "सरकी तर सगळी रोह्यानं खाल्ली होती ना वो! तू रिकामं फडकं होती तवा! मंग वाघ झोपला कायच्यावर? थांब आजी, उसवू नको हिले. मले हिले आखीन लय विचाराचं हाय!"