ज्या रविवारी मी वाजले नाही

मित्रांनो, जरा मान वर करा. चर्चच्या दारावर तो ठेंगणा दगडी मनोरा दिसतो ना, त्यात टांगलेली जुनी पोलादी घंटा म्हणजे मी.

माझा जन्म जर्मनीतल्या एका भट्टीत झाला. तिथून जहाजाने मी दक्षिण ऑस्ट्रेलियाला आले आणि बंदरापासून या गावापर्यंत बैलगाडीने. मला मागवणारे शेतकरी लूथरन पंथाचे ख्रिस्ती होते आणि घरात जर्मन बोलत. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा आसपासचे लोक कुजबुजू लागले, की ही घंटा शत्रूला खुणा करते. बरेच दिवस मला मुकं ठेवलं गेलं. तेव्हा संशय बाहेरून यायचा, आणि आतली माणसं एकमेकांना घट्ट धरून असायची.

पुढे चांगले दिवस आले. सुगीच्या उपासनेला, लग्नाला, मयताला, शेतात वणवा शिरला तेव्हाही मी वाजले. माझा दोर ओढायचा लोथार वुंडरझिट्झ. शेती मुलाकडे सोपवली, पण दोर त्याने कुणाच्या हाती दिला नाही. त्याची धाकटी बहीण व्हर्ना वेदीवरची फुलं सांभाळायची. उपासना संपली की दोघं पायरीवर बसून केक खात आणि गावाची टिंगल करत.

मग तो प्रश्न आला. बाईला पाळकपदाची, म्हणजे धर्मगुरूपदाची, दीक्षा द्यावी की नाही? लोथार म्हणायचा, शास्त्रात तसं नाही, आणि आपल्याला सोयीचं वाटतं म्हणून शास्त्र बदलत नाही. व्हर्ना म्हणायची, प्रभू येशू मेलेल्यांतून उठल्याची पहिली बातमी बायकांनीच आणली, तेव्हा कुणी त्यांना गप्प बसवलं होतं का? वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी चर्चच्या महासभेने मंडळीची घडीच नवी बसवली. चर्च एकच, पण पद्धती दोन. ज्यांना बाई पाळक हवी त्यांनी बोलवावी, नको त्यांच्यावर सक्ती नाही.

आमचं गाव लहान. दुसरी इमारत कुठून आणणार? म्हणून नऊला लोथारच्या बाजूची उपासना म्हातारे पाळक घेणार आणि अकराला व्हर्नाच्या बाजूची थेया नॉस्के नावाच्या पाळकबाई घेणार, असं ठरलं.

कागदावर हे सोपं होतं. पण नऊवाले म्हणू लागले, आज अकरा मागितले, उद्या नऊही घेतील. अकरावाल्यांना वाटे, हे एक दिवस कुलूप बदलतील. मेणबत्ती नेहमीपेक्षा जास्त जळलेली दिसली तरी ती कुणी जाळली याची चौकशी व्हायची. चहाच्या किटल्याही दोन झाल्या. मला तेल घालायला मात्र कुणीच वर येईना. हत्यारं घेऊन शिडी चढताना दिसलो तर दुसऱ्या बाजूचे म्हणतील, हा वर काहीतरी गडबड करतोय, अशी प्रत्येकाला धास्ती.

पाळकबाई यायला बरेच महिने लागले, तोवर हे असंच चाललं. त्यांच्या पहिल्या रविवारी, नऊची उपासना सुटल्यावर, व्हर्ना लोथारसमोर येऊन उभी राहिली. अकराची घंटा कोण वाजवणार, असं तिने विचारलं.

“मीच. घंटा मंडळीची आहे, पाळकाची नाही.”

“मग हसतोस कशाला?”

“हसत नाहीये. ऊन डोळ्यात येतंय.”

तिला ते पटलं नाही. अकराला लोथारने दोर धरला. मग त्याने ओढला, मित्रांनो, मनापासून ओढला. दोरातून माणसाच्या हाताची ताकद मला कळते. मी झुलले, आणि त्याच क्षणी माझ्या पोटातला लोलक निसटून माझ्याच खालच्या माळ्यावर, जुन्या पोत्यांवर पडला. फारसा आवाजही झाला नाही. मी झुलत राहिले, मुकीच.

लोथार पुन्हा पुन्हा ओढत होता. व्हर्ना बाहेर आली.

“झालं तुझ्या मनासारखं?”

“मी ओढतोय, व्हर्ना.”

“ओढतोयस ते दिसतंय. वाजत नाहीये तेही कळतंय.”

त्याने दोर सोडला, टोपी घातली आणि गाडीकडे चालू लागला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की लोथारने घंटेला चिंध्या बांधल्या. त्याच्या बाजूचे म्हणाले, छे, अकरावाल्यांनीच काहीतरी कापलं, लोकांनी कीव करावी म्हणून. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण माझी जीभ पोत्यांवर पडली होती.

कितीतरी रविवार असेच मुके गेले, नऊलाही आणि अकरालाही. मग एके दुपारी थेयाबाई आल्या आणि त्यांनी व्हर्नाला विचारलं, की वर जाऊन कुणी पाहिलं का?

“पाहायचं काय त्यात? सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मला नाही ठाऊक,” थेयाबाई म्हणाल्या.

व्हर्ना चिडली आणि स्वतःच शिडी चढून आली. लोलकाचा चामड्याचा पट्टा तिने हातात घेतला. कुठे कापल्याची खूण नव्हती. तेल न मिळाल्याने तो इतका वाळला होता, की बोटांत त्याच्या टोकाचा भुगा झाला. ती खाली उतरली आणि लोथारला घेऊन आली. धापा टाकत तो वर चढला. पट्टा पाहिला.

“मी सांगितलं होतं तुला, की मी ओढतोय.”

“सांगितलं होतंस. चुकलं माझं.”

“विश्वास का नाही ठेवलास?”

“माझ्या हातात दोर असता, तर तू ठेवला असतास?”

लोथारने पट्ट्याचा तुकडा खिशात घातला. मग म्हणाला, “नाही.”

मला नवा पट्टा मिळाला. चर्चमध्ये अजूनही नऊ आणि अकरा वेगळेच आहेत. लोथार अकराची घंटा वाजवतो आणि घरी जातो. आत पाऊल टाकत नाही. त्याचं मत बदललेलं नाही, तिचंही नाही. पण आता तेल घालायला दोघं एकत्र वर येतात. सगळं प्रेमापोटी असतं असं समजू नका. ती काय करते हे त्याला पाहायचं असतं आणि तो काय करतो हे तिला. त्या निमित्ताने माझ्या पट्ट्यावर चार डोळ्यांची नजर असते.

मित्रांनो, संशय कुणाच्या मनात येत नाही? आला तर येऊ द्या. पण खाली अंगणात उभे राहून त्याला खतपाणी घालू नका. वर या, हात लावून पाहा, आणि ज्याच्यावर संशय आहे त्यालाही सोबत आणा. शिडी जरा करकरते, पण दोघांचं वजन पेलते.